‘निम्मे भावी डॉक्टर आळशी’ : हा आकडा येतो कुठून?

वर्षातून एकदोनदा तरी अशी बातमी वाचायला मिळते. अमुक टक्के वैद्यकीय विद्यार्थी व्यायाम करत नाहीत, तमुक टक्क्यांना झोप पुरत नाही. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल आला, तेव्हा त्यातला 27.8 टक्के हा आकडा बराच फिरला. एमबीबीएसच्या इतक्या विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं होतं. 25,590 विद्यार्थ्यांनी ऑनलाइन फॉर्म भरला, त्यातून हा आकडा निघाला. बातमी वाचून लोक हळहळले. ‘सांगितलं होतं’ आणि ‘ऑनलाइन’ या दोन शब्दांपाशी मात्र फारसं कुणी थांबलं नाही.

सवय म्हणजे रक्तातली साखर नव्हे, सुई टोचली आणि आकडा आला असं तिचं होत नाही. ती विचारावी लागते. काय विचारलं, कुणी विचारलं आणि कोणत्या महिन्यात विचारलं, यावर उत्तर बदलतं. अशा पाहणीतला आकडा जितका हॉस्टेलमध्ये तयार होतो, तितकाच फॉर्मवरही तयार होतो. कसा, ते नागपूरच्या उदाहरणांनी पाहू. इथे ‘मेडिकल’ म्हणजे औषधाचं दुकान नव्हे, तर 1947 पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि मिहानमध्ये एम्स. शहराच्या आसपासची खासगी महाविद्यालयं वेगळीच. म्हणजे मोजायला माणसं भरपूर आहेत.

मुळात मोजायचं काय?

या मोजणीचा एक जुना नमुना अमेरिकेतल्या अलामेडा परगण्यातला आहे. 1965 मध्ये तिथल्या सुमारे 7,000 लोकांना रोजच्या सवयी विचारल्या आणि पुढे कोण किती जगलं याची नोंद ठेवली. सवयी सात होत्या: सात-आठ तास झोप, धूम्रपान न करणं, दारूवर मर्यादा, व्यायाम, आटोक्यातलं वजन, रोजचा नाश्ता आणि अधूनमधून चरत न राहणं. ज्याच्या पदरी यातल्या जास्त सवयी, त्याचं आयुष्य सरासरीने जास्त, असं दिसलं.

आजच्या प्रश्नावल्या याच कुळातल्या आहेत, फक्त लांबलचक झाल्यात. एकीत 52 प्रश्न असतात. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत चार पर्याय असतात आणि व्यायाम, आहार, ताण, नातीगोती असे सहा भाग असतात. शेवटी सगळ्याची मिळून एक सरासरी निघते. घोळ इथेच होतो. कूलरमध्ये पंखा गरगर फिरतोय, टाकी काठोकाठ भरलीय, ताट्या यंदा नव्या बसवल्यात, पण पंप बंद. चारपैकी तीन भाग उत्तम, म्हणजे 75 गुण. हवा मात्र गरमच येणार. मित्रमंडळ मोठं, देवधर्म नियमित, जेवण बरं आणि झोप चार तास, अशा विद्यार्थ्याची सरासरी अशीच छान दिसते. म्हणून एकच एकत्रित गुण छापणाऱ्या पाहणीकडे जरा संशयानेच बघावं. भागवार आकडे दिले असतील तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

एकच मुलगी, तीन निकाल

हालचाल मोजायला ‘आयपॅक’ नावाची आंतरराष्ट्रीय प्रश्नावली सर्रास वापरतात. गेल्या सात दिवसांत किती दिवस आणि किती मिनिटं चाललात, मध्यम श्रम केलेत, जोरदार श्रम केलेत, हे ती विचारते. हिशोब ‘मेट’मध्ये होतो. शांत बसलेलं शरीर जितकी ऊर्जा खर्च करतं, ती 1 मेट. चालण्याला 3.3, मध्यम श्रमाला 4 आणि जोरदार श्रमाला 8 मेट धरतात. मेट गुणिले मिनिटं गुणिले दिवस, एवढंच गणित.

समजा दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. हॉस्टेल ते कॉलेज ते वॉर्ड असं रोज 25 मिनिटं चालते, आठवड्यातून सहा दिवस. 3.3 गुणिले 25 गुणिले 6 म्हणजे 495. दोन संध्याकाळी 40-40 मिनिटं मैत्रिणींबरोबर निवांत बॅडमिंटन. 4 गुणिले 40 गुणिले 2 म्हणजे 320. बेरीज 815. पाच किंवा जास्त दिवस हालचाल आणि एकूण 600 च्या वर, म्हणून आयपॅकच्या नियमाने ती ‘मध्यम सक्रिय’. पास.

आता जागतिक आरोग्य संघटनेचा निकष लावू: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम. तिचं चालणं झपझप धरलं तर 230 मिनिटं होतात आणि ती पास होते. रमतगमत धरलं तर उरतात फक्त बॅडमिंटनची 80 मिनिटं, आणि ती नापास. तिसऱ्या पाहणीत एकच प्रश्न आहे: ‘तुम्ही नियमित व्यायाम करता का? हो / नाही.’ ती प्रामाणिकपणे ‘नाही’वर खूण करते, कारण कॉलेजला जाणं म्हणजे व्यायाम असं तिच्या डोक्यात कधी आलेलंच नसतं. मुलगी तीच, आठवडाही तोच. बातमी मात्र तीन प्रकारची होऊ शकते.

म्हणून फॉर्मवर ‘मध्यम’ आणि ‘जोरदार’ या शब्दांचा अर्थ लिहिलेला हवा. सोपी खूण अशी: श्रम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर ते मध्यम, दोन शब्द बोलून दम घ्यावा लागतो, तर जोरदार. आणखी एक बारकावा आहे. आयपॅकमध्ये सलग 10 मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शिकेत ही 10 मिनिटांची अट काढून टाकली. वॉर्डातल्या जिन्यांवरची दिवसभराची चढउतार एका पद्धतीत शून्य आहे, दुसरीत ती जमेस धरली जाते.

इंटर्न सगळ्यात तंदुरुस्त?

याच गणिताची एक गंमत आहे, खरं तर गंमत म्हणू नये. ड्यूटीवरचा इंटर्न लिहितो, ‘रोज पाच तास चालतो.’ नियम असा की एका प्रकारच्या हालचालीची दिवसाला 180 मिनिटांपेक्षा जास्त नोंद धरायची नाही. तरीही 3.3 गुणिले 180 गुणिले 7 म्हणजे 4,158. गडी थेट ‘अतिसक्रिय’ गटात. प्रत्यक्षात त्याचे पाय भरून आलेत, जेवण दुपारी साडेचारला झालंय आणि खेळाच्या मैदानाचं तोंड त्याने सहा महिन्यांत पाहिलेलं नाही.

यावर उपाय म्हणजे कामातली हालचाल, येण्याजाण्यातली हालचाल आणि आवडीने केलेला व्यायाम वेगवेगळे विचारायचे. जागतिक आरोग्य संघटनेची स्वतःची प्रश्नावली हेच करते. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी, निदान इंटर्नसाठी तरी, तीच घ्यावी.

शिवाय अशा आकड्यांची सरासरी काढू नये. पाच जणांपैकी चौघांचे 300 आणि इंटर्नचे 4,158 असतील, तर सरासरी 1,072 येते आणि सगळा गट धडधाकट वाटतो. त्याऐवजी पाचही जणांना क्रमाने उभं करून मधल्याचा आकडा घ्यायचा. तो 300 आहे. अहवालात हा मधला आकडा, म्हणजे मध्यक, दिलाय की सरासरी, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

झोप आणि पलंगाचा घोळ

झोपेसाठी 1989 मध्ये तयार झालेला पिट्सबर्ग निर्देशांक चालतो. गेल्या महिन्याबद्दल विचारतात, सात घटकांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात. गुण जितके जास्त, तितकी झोप वाईट. एकूण 21 पैकी 5 च्या वर गेलं की ‘झोप चांगली नाही’.

यातला एक घटक म्हणजे अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी झोप किती. त्यासाठी विचारतात, ‘रात्री अंथरुणावर किती वाजता जाता?’ घरी हा साधा प्रश्न आहे. हॉस्टेलच्या खोलीत पलंग हेच टेबल, तोच सोफा, तोच डबा खायचा पाट. मुलगा 11 वाजता पुस्तक किंवा मोबाइल घेऊन पलंगावर पडतो, दीडला झोपतो, 7 ला उठतो. झोप साडेपाच तास. त्याने 11 लिहिलं तर आठ तासांपैकी साडेपाच म्हणजे जेमतेम 69 टक्के, दंड 2 गुण. ‘दिवा घालवला तेव्हा’ असा अर्थ घेऊन सव्वा वाजता लिहिलं तर 95 टक्क्यांच्या वर, दंड 0. साडेपाच तासांच्या झोपेचे 2 गुण दोन्हीकडे पडतातच. मर्यादाच 5 ची असताना हा दोन गुणांचा फरक माणसाला अलीकडून पलीकडे नेऊन ठेवतो. प्रश्नाखाली एक ओळ छापली की काम होतं: ‘झोपण्याच्या इराद्याने दिवा आणि मोबाइल बंद केला ती वेळ लिहा.’ पण प्रमाणित प्रश्नावलीत अशी भर घातली, तर ते अहवालात सांगायला हवं. नाहीतर दुसऱ्या पाहणीशी तुलना करता येणार नाही.

याच प्रश्नावलीत ‘खूप उकडल्यामुळे झोप मोडली का?’ असाही प्रश्न आहे. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर नसताना, याचं उत्तर काय येणार हे सांगायला संशोधक लागत नाही. मेमधली पाहणी आणि जानेवारीतली पाहणी शेजारी ठेवून ‘झोप बिघडत चालली’ असं म्हणणं चुकीचं आहे. परीक्षेच्या आधीचा महिना आणि नंतरचा महिना यांचंही तेच.

मेसची वाटी, संत्र्याचा मोसम

आहार मोजणं सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत ढिसाळपणे मोजला जातो तोही आहारच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, म्हणजे 80 ग्रॅमचे पाच वाटे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या ताटात भाज्याच 400 ग्रॅम आहेत, फळं 100 ग्रॅम वेगळी. कोणता निकष लावला, यावर पास-नापास बदललंच.

त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या 400 ग्रॅममध्ये बटाटा धरत नाहीत. मेसमध्ये आलू-वांगं, आलू-मटर, आलू-गोबी असा क्रम लागलेला असेल, तर ‘आज भाजी खाल्ली का?’ला सगळे ‘हो’ म्हणतील. वाटीतला बटाटा आणि रस्सा काढला की उरतं किती? हे अंदाजाने सांगू नये. पाहणी करणाऱ्यांनी त्याच मेसची वाटी घ्यावी, भाजी निथळून काट्यावर ठेवावी, आणि एक वाटी म्हणजे किती ग्रॅम ते आधी ठरवावं. अर्ध्या तासाचं काम आहे. तर्री-पोह्यांवरचा कांदा वाट्यात मोजायचा नाही, हेही आधीच ठरलेलं बरं.

मोसमाचा प्रश्न इथेही आहेच. हिवाळ्यात नागपुरात संत्री जागोजाग, स्वस्त आणि गोड. तेव्हा विचारलं तर सगळे फळं खाणारे. जूनमध्ये विचाराल तर तेच विद्यार्थी फळांपासून फटकून. निदान एवढं करता येतं: गेल्या 24 तासांत काय काय खाल्लं ते सकाळच्या चहापासून क्रमाने विचारायचं, तेही दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यांत एक रविवार घ्यायचा. बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. त्या रात्रीचं जेवण कॉलेजबाहेरच्या ठेल्यावर होतं, ते यादीत यायला हवं.

‘तंबाखू? नाही हो, मी फक्त खर्रा खातो’

बाहेरची प्रश्नावली जशीच्या तशी उचलली की काय होतं, ते इथे सगळ्यात ठळक दिसतं. बऱ्याच परदेशी नमुन्यांत प्रश्न असतो, ‘तुम्ही धूम्रपान करता का?’ विदर्भात हा प्रश्न चुकीच्या दाराची कडी वाजवतो. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत देशातले 10.7 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि 21.4 टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. आपल्याकडे ही दुसरी बाजू म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पुडी बांधलेली. खाणाऱ्याच्या लेखी तो ‘खर्रा’ असतो, ‘तंबाखू’ हा वेगळा पदार्थ. ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं आणि ते खोटं बोलल्यासारखं त्याला वाटतही नाही. ‘व्यसन’ हा शब्द तर मुळीच नको. व्यसन नेहमी दुसऱ्याला असतं.

प्रश्न असा हवा: ‘गेल्या 30 दिवसांत खालीलपैकी काय काय घेतलं?’ आणि मग नावानिशी यादी: सिगारेट, बिडी, खर्रा, गुटखा, मावा, नुसती तंबाखू, हुक्का, व्हेप म्हणजे ई-सिगारेट. प्रत्येकापुढे किती दिवस, हा रकाना. यात गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे आणि ई-सिगारेटवर देशभर 2019 पासून. कायद्याने बंद असलेली गोष्ट माणूस सहीनिशी कबूल करणार नाही, म्हणून या पानावर नाव, रोल नंबर, मोबाइल काहीही नको.

दारूचंही तसंच. त्यासाठी दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ ही प्रमाणित प्रश्नावली आहे, 40 पैकी 8 किंवा जास्त गुण म्हणजे धोक्याची खूण. फक्त ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, हे तिथेही मापाने सांगावं लागतं.

फॉर्म वाटतो कोण, आणि गैरहजर कोण असतो?

नेहमीचं दृश्य असं. लेक्चर संपतं, पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागाचे सर किंवा मॅडम फॉर्म वाटतात, दहा मिनिटांत परत घेतात. हेच सर हजेरी घेणारे, आणि परीक्षेला बसायचं तर थिअरीत 75 टक्के आणि प्रात्यक्षिकात 80 टक्के हजेरी लागते. त्यांच्यासमोर ‘मी रात्री तीनला झोपतो’ कोण लिहील? माणूस समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देतो, आणि डॉक्टर होणाऱ्याला तर बरोबर उत्तर पाठच असतं.

त्याहून मोठी गोम रिकाम्या बाकांत आहे. सकाळच्या लेक्चरला कोण नसतं? रात्रभर जागलेला, आजारी, खचलेला. ज्याच्यासाठी पाहणी, तोच फॉर्मवर नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये हे उलटंही होतं. ज्याला विषय जिव्हाळ्याचा, तो लगेच भरतो, बाकीचे लिंक न उघडताच पुढे जातात. म्हणून किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे दोन्ही आकडे अहवालात हवेत. फॉर्म वाटायला शिकवणारे नकोत, दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी चालतील. भरलेला फॉर्म टाकायला बंद पेटी हवी.

किती जण पुरेत? 5 टक्के इकडेतिकडे चालत असेल तर सूत्राने 385 येतात. कॉलेजात एकूण 1,000 च विद्यार्थी असतील तर सुमारे 278 पुरतात, शिवाय उत्तर न देणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्त. हे सगळे एकाच बॅचचे घेऊ नयेत, वर्षावार वाटून घ्यावेत. आणि 5 टक्के इकडेतिकडेचा अर्थ असा की मागच्या वर्षी 58 आणि यंदा 62 आले, तर काही वाढलं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. बातमीत ते ‘वाढ’ म्हणूनच छापून येतं.

मनगटावर घड्याळ आहे, मग विचारायचं कशाला?

आक्षेप रास्त आहे. पण घड्याळ ज्याच्याकडे आहे तो बहुधा आधीच व्यायामाची आवड असलेला किंवा घरचा बरा. मोबाइलच्या पावलांचं म्हणाल तर एप्रनच्या खिशातला मोबाइल मोजतो, पर्समधला कमीअधिक मोजतो, चार्जिंगला लावलेला काहीच मोजत नाही. मध्यम मार्ग असा: सगळ्यांना प्रश्नावली द्यायची आणि त्यातल्या 40-50 जणांना चिठ्ठ्या टाकून निवडून आठवडाभर एकाच बनावटीचं पावलं मोजणारं यंत्र लावायचं. दोन्हींतला फरक पाहिला की बाकीच्यांची उत्तरं किती फुगलेली असावीत याचा अंदाज येतो. पहिला दिवस हिशोबातून वगळायचा. यंत्र नवं असलं की माणूस मुद्दाम जास्त चालतो.

काट्यावर एप्रन नको

वजन-उंची विचारू नये, मोजावी. एप्रन काढून: स्टेथोस्कोप, मोबाइल, खिशातलं पुस्तक मिळून किलोभर सहज होतं. बूट काढून. कंबर सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर. 165 सेंटिमीटर उंची आणि 65 किलो वजनाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 23.9 येतो. जागतिक निकषाने तो ठीक आहे, भारतीयांसाठी वापरतात त्या 23 च्या निकषाने वजन जास्त. निकष कोणता, ते तक्त्याखाली लिहिलेलं असावं.

मग हे सगळे आकडे खोटेच का?

नाही. किराणा दुकानातला काटा दरवेळी 50 ग्रॅम कमी दाखवत असला, तरी मागच्या महिन्यापेक्षा साखर जास्त आली की कमी, हे तो बरोबर सांगतो. तीच प्रश्नावली, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने, त्याच विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी आणि तिसऱ्या वर्षी दिली, तर मधला फरक विश्वास ठेवण्याजोगा असतो. एकदाच फॉर्म भरून घेतलेल्या दहा पाहण्यांपेक्षा अशी एक पाहणी जास्त उपयोगाची. तशा पाहण्या कमी होतात, कारण त्यांना तीन वर्षं लागतात आणि विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पाला मिळतात दोन महिने.

‘त्यांना सगळं माहीत असतं, मग मोजायचं काय?’ असाही प्रश्न येतो. माहीत असणं आणि करणं यांतलं अंतर किती, हेच तर मोजायचं असतं. आणि हे अंतर त्यांचं खासगी नाही. स्वतः व्यायाम करणारे डॉक्टर रुग्णालाही व्यायामाचा सल्ला जास्त वेळा देतात, असं वेगवेगळ्या देशांत दिसलंय.

नाव नको, तर मदत कशी करणार?

दोन वर्षांनी तोच विद्यार्थी ओळखायचा तर काहीतरी खूण लागते. त्यासाठी सांकेतिक क्रमांक देतात, उदाहरणार्थ आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि जन्मतारखेचा दिवस. पण जपून. तिसरं वर्ष, मुलगी, ईशान्येकडच्या राज्यातली, एवढं फॉर्मवर असलं तर 200-250 च्या बॅचमध्ये ती कोण हे ओळखायला नाव लागत नाही. असा तपशील विचारूच नये, विचारला तर एकत्र गटातच छापावा.

आणि ताण-नैराश्याची प्रश्नावली जोडणार असाल, तर त्यातल्या नऊ प्रश्नांच्या प्रसिद्ध नमुन्यात शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दलचा आहे. त्याला कुणी ‘जवळजवळ रोज’ असं लिहिलं आणि फॉर्मवर नाव नाही, तर काय करायचं, हे फॉर्म वाटण्याआधी ठरलेलं असावं. नीतिमत्ता समिती ते विचारतेच. किमान एवढं हवं: ती प्रश्नावली ज्या पानावर आहे त्याच पानाच्या तळाशी, फाडून खिशात घालता येईल अशा पट्टीवर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आणि कॉलेजच्या समुपदेशकाची बसण्याची जागा आणि वेळ. पट्टी प्रत्येक फॉर्मला असावी, म्हणजे ती फाडून नेणारा वेगळा दिसत नाही.